रोवणी झाली की हिरड्या पाहू

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात दाढ दुखली की तिची बातमी होते. एका बाजूचा गाल पुरीसारखा फुगलेला, डोक्याभोवती दुपट्टा आवळलेला असा माणूस घराबाहेर पडला, की बसस्थानक येईपर्यंत त्याला पाच उपाय आणि सात अनुभव फुकटात मिळतात. लवंग दाब, तुरटी धर, पेरूची पानं चाव, आणि आमच्या साळ्याने तर पकडीनेच उपटली होती. हिरडीतून रक्त आलं तर मात्र त्याची नुसती चूळ होते. थुंकलं, तांब्याभर पाणी ओतलं, विषय संपला. अंगणातून वाहून गेलेल्या त्या गुलाबी रेघेबद्दल घरातलं माणूस काही विचारत नाही, मग पानठेल्यावर कोण विचारणार?

यात माणसाची चूक थोडी आणि हिरडीची जास्त. तिला बोंबलताच येत नाही. दाढ ठणकते, कान दुखतो, पोट तर अख्ख्या घराला उठवून बसवतं. हिरडी मात्र दहा-दहा वर्षं सुजते, रक्त गाळते, मागे सरकते, खालचं हाड झिजू देते आणि एवढा कारभार करून कुणाची झोप मोडत नाही. तक्रार नाही म्हणून कारवाई नाही, हा सरकारी न्याय तिला अगदी नेमका लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात शंभर कोटींहून जास्त माणसांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. एवढा मोठा समाज, पण त्याचा आजवर एकही मोर्चा निघालेला नाही.

आजाराची कामाची पद्धत साधी आहे. दातावर, विशेषतः दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या बांधावर, जिवाणूंचा चिकट थर बसतो. रोज घासला तर तो निघतो. दोन-चार दिवस तसाच राहिला की लाळेतला चुना त्याच्यात मुरू लागतो आणि त्याचा दगड होतो. डॉक्टर त्याला टार्टर म्हणतात, मराठीत कीटण. कीटण एकदा धरलं की ब्रश हरतो, राख हरते, बोटही हरतं. हिरडी सुजते आणि दातापासून सुटते. मधे फट पडते, फटीत आणखी थर बसतो. चांगल्या हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. पुढे चार, पाच, सहा अशी ती खोल होत जाते आणि दाताला धरून ठेवणारं हाड विरघळू लागतं. याच अवस्थेचं जुनं, घरगुती नाव पायोरिया. कुरखेड्याला लागून वाहणाऱ्या सती नदीच्या काठावर पुराने माती खचलेली झाडं उभी असतात. मुळं उघडी पडल्यामुळे ती एकदम उंच वाटतात. पन्नाशीनंतर ज्याचे दात लांब दिसू लागतात, त्याचंही तसंच असतं. दात वाढलेला नसतो, काठ खचलेला असतो.

हे सगळं मुळात माहीत कसं झालं, ती गोष्ट बरीच अस्वच्छ आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक याने १६८३ मध्ये आपल्याच दातांवरचा थर खरवडून घरी घासलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासणारा. मग त्याने जन्मात कधी दात न घासलेला एक म्हातारा गाठला आणि त्याच्या तोंडातला माल तपासला. तिथे तर जत्राच भरली होती.

पण थरामुळेच हिरड्या सुजतात याचा पक्का पुरावा यायला १९६५ साल उजाडावं लागलं. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसं गोळा केली आणि त्यांना सांगितलं की आजपासून दात घासायचे नाहीत. यातले बहुतेक दंतवैद्यकाचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. दंतवैद्यकाच्या इतिहासात हा प्रयोग फार मानाचा. कुरखेडा तालुक्यात एखाद्या आजोबाला तो सांगितला, तर ते शांतपणे विचारतील, “बाराच मानसं? आमच्या टोल्यावर या ना जी.”

आता आजोबा अगदीच घासत नाहीत असं नाही. कशाने घासतात, हा प्रश्न आहे. गडचिरोली जिल्ह्यात अनेक बायाबापड्या सकाळी दातांना नस लावतात. नस म्हणजे तंबाखूची बारीक पूड. कोरचीच्या पलीकडे छत्तीसगड लागतं, तिथे हेच काम गुडाखू करतो. त्यात तंबाखूबरोबर गूळ-काकवीही असते, म्हणजे दाताला साखर आणि हिरडीला तंबाखू अशी एका बोटात दोघांची सोय. पश्चिम महाराष्ट्राने हसण्याचं कारण नाही, तिथल्या मिश्रीने कित्येक पिढ्यांची सकाळ उजाडवली आहे. दात साफ करण्याच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण बंदी झाली ती दंतमंजनात तंबाखू घालायला. तंबाखूलाच दंतमंजन म्हणणाऱ्या आजीबाईंना कायद्याचं कोणतं कलम लावणार?

नस सकाळपुरती. दिवस खर्ऱ्याचा. जे वाचक वैनगंगेच्या फार पश्चिमेला राहतात त्यांच्यासाठी सांगायचं, तर खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. हे तिन्ही प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला ते अशा तन्मयतेने घोटतो की वैद्याने रसायन घोटावं. तो घोटत असताना गिऱ्हाईक घाई करत नाही. पीकपाणी, भरती, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं, हे सगळं तेवढ्यात उरकतं. पुडी खिशात जाते, चिमूट गालात जाते आणि पाहुण्यापुढे पुडी उघडून धरली की पाहुणचार होतो. नाही म्हणणाऱ्याची तब्येत विचारली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू खाणारे निघाले. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी, पुढे सुगंधित तंबाखूलाही बंदी. याच जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम गावोगाव चालतो. खुद्द कुरखेड्यात तर ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ याच नावाची संस्था आहे. नाव इतकं सरळ, की त्यावर विनोद सुचत नाही. इतकं सगळं असून खर्ऱ्याचा घोटा थांबलेला नाही, कारण त्याच्या बाजूने एक भक्कम शास्त्रीय युक्तिवाद आहे: “खर्रा ठेवला का दात दुखतच नाही जी.”

हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही, आणि तीच त्याच्यातली गोम. तंबाखूने तोंड बधिर वाटतं. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत आजार वाढत असला तरी रक्त कमी येतं. म्हणजे एकच खूण होती, तीही पुसली जाते. (तेंदूपानाच्या मुलखात बिडीची निंदा करताना जरा दबकूनच बोलावं लागतं, मे महिन्यात अर्ध्या गावाचा पैसा त्याच पानावर येतो.) पुढे एखाद्याने मनावर घेऊन बिडी सोडली, की काही दिवसांत हिरडीला रक्तपुरवठा नीट होतो आणि ब्रश करताना आधीपेक्षा जास्त रक्त दिसतं. तो घाबरतो आणि निष्कर्ष काढतो की बिडी होती तोवर बरं होतं. सुपारीचा हिशोब वेगळा. तिच्यामुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू चामड्यासारखी ताठरते आणि तोंड उघडायचं कमी होतं. चांगल्या तोंडात उभी तीन बोटं जातात. डॉक्टर म्हणतात, “तोंड उघडा.” रुग्ण म्हणतो, “उघडलंच आहे जी.” हा संवाद ऐकताना हसू येतं आणि डॉक्टरचा चेहरा पाहिला की जातं, कारण सुपारी ही एकटीसुद्धा कर्करोगाला कारण होते, असं कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवून ठेवलं आहे.

या भागाचा आणि हिरड्यांचा संबंध मात्र जुना दिसतो. सुश्रुताने मुखरोग पासष्ट मोजले, त्यातले पंधरा एकट्या हिरड्यांचे. शीतादात हिरडीतून एकाएकी रक्त येतं आणि दुर्गंधी सुटते, दंतवेष्टात पू आणि रक्त येऊन दात हलतात, उपकुशात जरासं घासलं तरी रक्त. आजच्या दवाखान्यात तिघंही रांगेत बसलेले सापडतील. त्या पंधरांत एकाचं नाव आहे वैदर्भ. हिरड्या फार घासल्या गेल्या, त्यांना इजा झाली, की मोठी सूज येते आणि दात हलू लागतात, तो वैदर्भ. नावाचा विदर्भाशी संबंध आहे की नाही हे पंडितांनी ठरवावं. पण रोज सकाळी कडक ब्रशने, आडव्या हाताने, करपलेला गंज घासावा तसे दात घासणाऱ्या वैदर्भीय बांधवांकडे पाहिलं, की सुश्रुत कधीतरी शेजारच्या वडशाला उतरून गेला असावा असा संशय येतो.

त्याच सुश्रुताने दातवणाचंही माप दिलं आहे: बारा अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, गाठी नसलेलं. झाडंही सांगितली. कडूंमध्ये निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज आणि गोडांत मोह. मोहाची काडी दाताला लावा असं दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं असताना या मुलखाने मोहाचा दुसरा उपयोग जास्त मनावर घेतला. दातावर जमणाऱ्या दगडाला त्याने दंतशर्करा म्हटलं आणि ती काढावी, पण हिरडीला धक्का न लावता काढावी, असं बजावलं. म्हणजे आजच्या डॉक्टरचं ‘स्केलिंग’ हे काही परदेशी खूळ नाही. तरीही सगळ्या महाराष्ट्रात, शिकलेल्या-न शिकलेल्या घरांत, एक समज पहाडासारखा उभा आहे: दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात.

समजामागचं कारण पाहण्यासारखं आहे. नमुन्यादाखल एक काकाजी घेऊ. नाव नको, तालुक्यातल्या निम्म्या घरांत ते सापडतील. काकाजींच्या खालच्या पुढच्या दातांमागे वीस वर्षांचं कीटण आहे. आतून पाहिलं तर सिमेंटची भिंत. दात हलतात, पण भिंतीने एकमेकांना धरून ठेवलेत. डॉक्टर यंत्राची नळी लावतात, तिचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं, पाण्याचा फवारा उडतो आणि भिंत तुकड्यातुकड्यांनी पडते. काकाजी जीभ फिरवतात. जिथे वीस वर्षं भिंत होती तिथे आता फटी आहेत. “डॉक्टर साहेब, तुम्ही त माह्या दातात फटी पाडल्या.” दात आधीपासूनच हलत होते, फटी हिरडी सरकल्यामुळे पडल्या होत्या, हे सांगून पटत नाही. शिवाय दोन दिवस थंड पाणी झोंबतं. काकाजी गावात जाऊन जे सांगतात, त्याने पुढचे पंचवीस रुग्ण घरी बसतात.

त्याआधीचा मोजणीचा प्रसंगही गैरसमजाला पोषक असतो. डॉक्टर बारीक, खुणा केलेली सळई प्रत्येक दाताभोवती फिरवतात आणि मदतनीस बाईंना आकडे सांगतात. तीन, दोन, चार. पाच, पाच, सहा. मदतनीस कागदावर लिहीत जातात. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्यांना वाटतं, आत आकडाच लागतो आहे. सहाच्या पुढे गेलं तर हिरडी उघडून आतून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्यासाठी कदाचित नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय गाठावं लागतं. कुरखेड्यातून नागपूरला जायचं म्हणजे एक दिवस, एक डबा आणि सोबत एक माणूस. हिरडीसाठी सोबतीला माणूस मिळत नाही. हार्टसाठी मिळतो, मूतखड्यासाठी मिळतो. हिरडीसाठी म्हटलं तर “तू जाऊन ये ना” म्हणतात.

पण काकाजींना सगळ्यात जास्त दुखावतो तो शेवटचा भाग. डॉक्टर कागदावर फारसं काही लिहीत नाहीत. “सुई नाही लावत का जी?” नाही. “गोड्या?” गरज नाही. सांगतात ते असं: मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेला तिरका धरा, हळू फिरवा, दोन मिनिटं, रात्री झोपताना नक्की. ब्रश पंचेचाळीस अंशांत धरायची ही पद्धत चार्ल्स बास या अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टरची. तो दंतवैद्य नव्हताच, हिवताप आणि अंकुशकृमी यांचा अभ्यासक होता. निवृत्तीच्या वयात त्याने आपला मोर्चा दातांकडे वळवला. हे सगळं ऐकून काकाजी खिन्न होतात. फी देऊन माणूस काय घेऊन आला, तर ब्रश कसा धरावा! डॉक्टरने एखादं गुळण्यांचं औषध दिलं तर थोडं समाधान होतं. क्लोरहेक्सिडिनचं ते औषध आठवडेच्या आठवडे वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, हा त्याचा मोठा दोष. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात तो दोष कळून येत नाही.

दातांच्या फटींतलं अन्न काढायला डॉक्टर बारीक ब्रश सांगतात. घरात त्या कामाची व्यवस्था पूर्वीपासून आहे. पुरुषांकडे आगपेटीची काडी, बायकांकडे बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन. हीच पिन पायातला काटा काढते, फाटलेला पदर सांभाळते आणि जेवण झालं की दाढेत जाते.

हिरड्यांच्या आजाराचा आणखी एक जोडीदार म्हणजे मधुमेह. तो तर दोन्हीकडून बोलतो. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत आजार राहिला की साखर आटोक्यात यायला कुरकुरते. काकाजींना हे सांगितलं तर ते म्हणतात, साखर माझ्या रक्तात आहे, तोंडात कुठे आहे?

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाच्या, नाटकवाल्यांनी तरी हिरड्यांची काळजी घ्यायला हवी होती. दिवाळीनंतर होळीपर्यंत वडशाच्या मंडळ्या रात्र-रात्र गावोगावच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रंगमंच गाजवतात. याच तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये त्या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. व्याकरणाप्रमाणे त, थ, द, ध, न, ल, स हे सगळे दंत्य वर्ण, जीभ दाताला टेकल्याशिवाय ते नीट उमटत नाहीत. त्यात झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. पाण्याचं पानी, लोण्याचं लोनी. म्हणजे पुण्याचा माणूस जे काम टाळूवर भागवतो, ते कुरखेड्याचा माणूस दातांवर टाकतो. मराठीच्या दुसऱ्या कुठल्याही बोलीला दातांची एवढी गरज नसेल. पुढचे दोन दात पडलेला खलनायक “नीच, नराधम” म्हणायला गेला की पहिल्या रांगेतल्या पोरांवर तुषार उडतात.

तर काकाजींचा दात हलायला लागला तो मार्चात. तेव्हा मोहफुलं वेचायची होती. पहाटे चारला घर सोडावं लागतं, दात कोण पाहणार? मे महिन्यात तेंदूपान. जूनमध्ये धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे. जुलैत रोवणी, आणि रोवणीत मजूर मिळत नाहीत तिथे दंतवैद्याची वेळ कोण पाळणार? “रोवणी झाली का पाहू.” रोवणी झाली, पोळा झाला, मग गणपतीच्या आसपास एक दिवस काकाजी निघाले. दात त्याआधीच पडला होता, भात खाताना. काकाजींनी तो पुसून खिशात ठेवला होता आणि तो परत बसवता येतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

डॉक्टरांनी उरलेल्या दातांचं काम दोन बैठकांत केलं. काकाजींनी फटींबद्दल रीतसर तक्रार केली. ब्रश घेतला, तो खिशात टाकताना खर्ऱ्याची पुडी बाहेर पडली, ती दोघांनीही पाहिली आणि दोघंही काही बोलले नाहीत.

“काकाजी, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं बरं का. विसरू नका.”

काकाजींनी बोटांवर हिशोब केला. धान कापणी, मग चुरणा.

“तवा त आमच्या गावची मंडई रायते जी. नाटक ठेवलं आहे.”

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला, पुढची तारीख लिहायच्या रकान्यात क्षणभर पेन धरला आणि लिहिलं: मंडईनंतर.